एकदाही न विकलेली जमीन, तीनदा विकत घेतलेले घर

१

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीची बैठक गावच्या विहारात बसली होती. विषय एकच होता: हाडकीचा उरलेला तुकडा विकायचा की नाही. आमचे गाव वाळवा तालुक्यात, पुणे–बंगळूर महामार्गापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. एके काळी ज्या माळाकडे गावातला कुणी ढुंकून पाहत नव्हता, त्या माळाला आता गिऱ्हाईक आले होते. मध्यस्थाने इसाराची रक्कम रोख आणली होती आणि सोबत टंकलिखित कागद. तो कागद माझ्या हाती आला, कारण भावकीत शिक्षकाची नोकरी केलेला मी. वाचायचे काही निघाले की ते माझ्याकडे येते. मी चष्मा पुसतो आहे तोवर भिंतीला टेकून बसलेली माझी चुलती म्हणाली, "मास्तर, ह्यात माजं नाव कुटं हाय, ते आदी दाव."

तिचे नाव त्यात कुठेच नव्हते. तिच्या तीन नणंदांचे नव्हते. मुंबईला गिरणीत गेलेल्या आणि तिकडेच वारलेल्या दोघा चुलत्यांच्या मुलांचे नव्हते. 'सर्व वारसांतर्फे' म्हणून दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. आणि तो कागद खरेदीखत नव्हताच. नोटरीपुढे करायचे ते कुलमुखत्यारपत्र होते. मी महिन्याची मुदत मागितली. तालुक्याला खेटे घालून जुने उतारे आणि फेरफाराच्या नोंदी काढल्या. वडिलांच्या सांगलीच्या घराचे कागद पुन्हा वाचले. त्या महिन्यात जे कळले ते आमच्या एका भावकीपुरते नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

थोडक्यात सांगायचे तर, आमच्या आजोबांची जमीन एकदाही न विकता गेली आणि आमच्या वडिलांना एकच घर तीनदा विकत घ्यावे लागले. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पहिलीतूनच दुसरी निघाली आहे.

उतारे चाळताना आधी डोळ्यांत भरते ते जिल्ह्याचे नाव. जुन्या कागदांवर 'जिल्हा सातारा' आहे. १९४९ नंतरच्या कागदांवर 'दक्षिण सातारा' आहे. १९६० नंतर 'सांगली'. गाव जागचे हलले नाही, जिल्ह्याची नावे तीन झाली. आमची वस्ती मात्र प्रत्येक कागदात गावाच्या त्याच कडेला. म्हणून घरा-जमिनीच्या प्रश्नावर सातारा आणि सांगली असे दोन इतिहास लिहिण्याचे कारण नाही. तो एकच इतिहास आहे.

२

गावगाड्यात महाराला जमीन होती, असे अभिमानाने सांगणारे आजही भेटतात. होती, पण ती कशी होती ते पाहिले पाहिजे. हाडकी-हाडोळा ही वतनी जमीन. तराळकी करायची, वेशीवर बसायचे, सरकारी टपाल आणि खजिना पोचवायचा, मर्तिकाची खबर परगावी न्यायची, मेलेली ढोरे ओढायची. या सगळ्या राबणुकीचा मोबदला म्हणून ती दिलेली. १८४८ साली साताऱ्याची गादी खालसा होऊन इंग्रजांचा अंमल आला. त्यांनी ही व्यवस्था मोडली नाही. तिला कायद्याची चौकट दिली. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने वतनाची जमीन वतनदार कुटुंबाबाहेर विकता येईनाशी झाली.

विकता न येणारी जमीन म्हणजे सुरक्षित जमीन, असे वरवर वाटेल. अनुभव उलटा आहे. जी उघडपणे विकता येत नाही ती अडल्या वेळी चोरून द्यावी लागते, आणि चोरून दिलेल्या वस्तूला भाव नसतो. आजारपण आले, लग्न निघाले, दुष्काळ पडला की हाडकीचा पट्टा गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या हवाली होई. किती रुपयांवर, किती वर्षांसाठी, याचा कागद नसे. असता तरी तो कायद्यात टिकला नसता. शिवाय वतन एकट्याचे नव्हते. ते साऱ्या भावकीचे, तक्षिमांनी आणि पाळ्यांनी वाटलेले. दर पिढीत वाटेकरी वाढत, जमीन तेवढीच राही. सरकारदरबारी मात्र नाव एखाद्याचेच लागलेले.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले, पण लढा थांबला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदार महार-मांगांची परिषद याच प्रश्नावर भरली. वतन म्हणजे मालकी नव्हे, ती जमिनीच्या तुकड्याला बांधलेली वेठ आहे, हा त्या लढ्याचा गाभा होता.

अखेर १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. वतने खालसा झाली. जमीन सरकारात जमा झाली आणि शेतसाऱ्याच्या पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला ती परत मिळायची होती. आकार पाच रुपये असेल तर भरायचे पंधरा. रक्कम डोंगराएवढी नव्हती. मग आमच्या किती लोकांनी ती भरली नाही, आणि का? हुकूम चावडीवर वाचला जाई. त्या चावडीची पायरी आमच्या लोकांनी राबण्यासाठी झिजवली होती, ऐकण्यासाठी नव्हे. त्यात १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने महारकीची कामे सोडली होती आणि गावाशी बोलणे तुटले होते. कायद्याची खबर आम्हाला कुणी सांगायची?

आमच्या भावकीचे दोन पट्टे होते. एकाचे पैसे मुंबईच्या गिरणीत असलेल्या चुलत्याने मनिऑर्डरने पाठवले, म्हणून तो परत मिळाला. दुसऱ्याचे पैसे भरले गेले नाहीत. जो वतनदार मुदतीत रक्कम भरत नाही, तो स्वतःच्याच जमिनीवर अनधिकृत कब्जेदार ठरतो, अशी कायद्याची भाषा. शिवाय तो पट्टा आजोबांनी एका दुष्काळात खंडाने दिलेला होता. अशा खंडकऱ्यांना कूळकायद्याचे संरक्षण लागू झाले. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेचा मी विरोधक नाही. पण येथे काय घडले ते पाहा. कागदावर आजोबा जमीनमालक ठरले, आणि गावातला बैलबारदाना असलेला बागाईतदार त्यांचे गरीब कूळ ठरला. पट्टा त्याच्या नावावर गेला. आजोबांनी कुठेही अंगठा उठवला नाही. खरेदीखत झाले नाही, पैसे मिळाले नाहीत. जमीन गेली.

३

शेताचे हे असे झाले. आता घराकडे वळू.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यात तो १८९३ पासून लागू झाला. त्याचे ५४ वे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. शंभराच्या खालची असेल तर नुसता ताबा दिला तरी विक्री पुरी होते. ही शंभर रुपयांची रेघ कुणाच्या घरावरून गेली? वाडे, माड्या, पेठेतली दुकाने रेघेच्या वर राहिली. त्यांचे दस्त झाले, नोंदी झाल्या, पिढ्यान् पिढ्या कागद तयार होत गेले. महारवाड्यातली, मांगवाड्यातली दगडमातीची, गवताने शाकारलेली घरे रेघेच्या खाली. ती चार पंचांसमोर पानसुपारीवर हातची या हाताला गेली आणि त्यात बेकायदा असे काही नव्हते.

म्हणजे आमचे लोक कागद करीत नव्हते ते अडाणीपणामुळे, हे खरे नाही. कायद्यानेच आमच्या घराला कागदाच्या लायकीचे मानले नव्हते. त्यातून एक सवय पडली. शब्दावर घर घ्यायचे, शब्दावर द्यायचे, आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली की घर आपले झाले असे समजायचे. पुढे जागेला हजारांचा, मग लाखांचा भाव आला. शंभराची रेघ केव्हाच मागे पडली, सवय मात्र शंभराच्या खालचीच राहिली. आजही आमच्या वस्तीत कुणाला मालकीचा पुरावा विचारा, तो घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढून दाखवतो. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही.

याच मुलखात कागदाविषयी सरकारला दुसरेही एक शहाणपण सुचले होते. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी त्यात तरतूद होती. पुढे त्यात दुरुस्ती होऊन, वरून खरेदीखत दिसणारा दस्त मुळात गहाणखत होता काय, हे तपासण्याची मुभा न्यायालयाला मिळाली. कागद खोटे बोलू शकतो, आणि अडलेला माणूस विक्रीच्या नावाखाली गहाणच लिहून देत असतो, हे इंग्रज सरकारने शंभर वर्षांपूर्वी मान्य केले होते. पण मुख्यतः शेतीवर जगतो तो शेतकरी, अशी त्या कायद्याची व्याख्या. बलुत्यावर आणि मजुरीवर जगणारा महार-मांग त्या व्याख्येत बसवायचा कसा? खोट्या कागदापासून संरक्षण मिळण्यासाठीसुद्धा आधी कागदावर यावे लागते. आम्ही तिथवर पोचलेलो नव्हतो.

४

गावात हे असे. म्हणून माणसे शहराकडे गेली. पण शहरात पैसा असला म्हणजे घर मिळते, हा समजही आपल्याच इतिहासाने खोटा ठरवला आहे. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. १९०० साली ते तिथल्या शाळेत दाखल झाले. तोच मुलगा परदेशी शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला आणि अकराव्या दिवशी तिथूनही काठ्यांच्या धाकाने बाहेर पडावे लागले. खिशात पगार होता, दार मात्र उघडत नव्हते. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःची जागा घेऊन 'राजगृह' बांधले आणि त्याचा मोठा भाग ग्रंथांना दिला. ते घर आपण श्रद्धेने पाहतो. त्यामागचा व्यवहारीपणाही पाहिला पाहिजे. ज्याला भाड्याने कुणी दार उघडले नाही, त्याने स्वतःच्या नावाची जागा केली.

दुसरे उदाहरण आमच्याच तालुक्यातले. वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे मुंबईला पायी गेले आणि आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले. ज्याची पुस्तके देशाबाहेर वाचली गेली, त्याला सरकारी घर मिळाले ते अखेरच्या दिवसांत. १९६९ साली तो गेला. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी आत्मकथेच्या नावातच 'तराळ' हा शब्द ठेवला; वेशीपासून विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंतची वाट त्या शब्दाने सुरू होते. आपल्या साहित्यात घर वारंवार येते. ते बहुधा गळणारे घर असते, जळणारे असते, सोडून जावे लागणारे असते. विकत घेतलेले घर त्यात क्वचित येते. त्याचे कारण साहित्यात शोधण्यापेक्षा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शोधावे.

५

आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत होतो, सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहत. सुरुवातीला त्यांनी एका रीतसर मंजूर आराखड्यातला प्लॉट पाहिला होता. भाव जुळला. मध्यस्थाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी सांगितले की प्लॉट आधीच गेला आहे. तो पुढे दोन वर्षे रिकामाच होता, हे आम्ही येता-जाता पाहत होतो. कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा १९५५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाखाली गुन्हा आहे. १९७६ पासून तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. पण 'प्लॉट गेला' या वाक्यावर फिर्याद कशी करायची?

मग आमच्यासारख्यांसाठी गुंठेवारी उरली. सांगली-मिरजेच्या कडेची शेते तेव्हा गुंठ्यागुंठ्याने विकली जात होती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे असे तुकडे पाडण्यास मनाई होती. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा बडगा शहराच्या हद्दीतल्या मोठ्या जमीनधारकांवर होता. जमीन बिनशेती करून, आराखडा मंजूर करून विकण्यात शेतकऱ्याला वेळ आणि पैसा घालवायचा नव्हता. आणि मंजूर प्लॉटचा भाव हमालाला परवडत नव्हता, परवडला तरी आडनाव आड येत होते. दोघांची गरज एका बेकायदा कागदावर भेटली. असल्या वस्त्यांत बौद्ध, मातंग, मुसलमान, भटके आणि कर्नाटकातून आलेले मजूर शेजारी शेजारी राहू लागले. गावकुसाबाहेरची वस्ती शहराने नव्याने तयार केली, एवढाच त्याचा अर्थ.

१९८६ साली आबांनी दीड गुंठा नऊ हजाराला घेतला. आईचे डोरले मोडले, भिशी उचलली. मुद्रांकावर साठेखत आणि ताबेपावती लिहून मिळाली, नोंदणी नाही. साठेखत म्हणजे पुढे खरेदी देण्याचा करार. त्याने मालकी येत नाही, हे आबांना कुणी सांगितले नाही. ही पहिली खरेदी.

१९९५ साली मूळ शेतकऱ्याची बहीण उभी राहिली. जमीन तिच्या बापाची होती, तिचा हिस्सा होता आणि तिची सही कुठेच नव्हती. तिचे म्हणणे न्याय्य होते, हे आज मी मान्य करतो. बहिणीला डावलून व्यवहार करणाऱ्या भावाने तिलाही फसवले आणि आम्हालाही. त्या गल्लीतल्या प्रत्येक घराने वर्गणी काढून तिची संमती घेतली. आमच्या वाट्याला अकरा हजार आले. ही दुसरी खरेदी.

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा राज्याचा कायदा आला. त्याची मर्यादा पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. प्रशमन शुल्क, विकास शुल्क आणि नकाशा करणाऱ्याची फी धरून आबांनी सतरा हजार भरले, तेही हप्त्यांनी. ही तिसरी खरेदी. नऊ हजारांची जागा सदतीस हजारांना पडली. प्रमाणपत्राने बांधकाम नियमित झाले, पण सातबारावर नाव लागण्याचा प्रश्न तसाच राहिला. त्यामुळे घरावर बँकेने कर्ज दिले नाही आणि घर दुरुस्त करायला पतपेढीचे महागडे व्याज भरावे लागले.

स्वस्त जागा सखल असते, ही त्यातली आणखी एक मेख. २००५ साली कृष्णेचे पाणी घरात आले. २०१९ साली तर आयर्विन पुलाजवळ पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची खूण पंचेचाळीस फुटांची आहे. आबा तेव्हा हयात नव्हते. कागदांची पिशवी आईने पोटाशी धरून माळ्यावर नेली, म्हणून हा लेख लिहिता आला.

६

या तीन खरेद्यांचा हिशेब मी का मांडला? कारण घराची किंमत म्हणजे विक्रेत्याच्या हातात पडणारी रक्कम, असे आपण समजतो. त्याखेरीज जे लागते त्याला आपण 'वरखर्च' म्हणतो आणि तो वाचवायला जातो. तिथेच बुडतो.

आज सांगलीत वीस लाखांचे घर घ्यायचे झाले तर महापालिका हद्दीत अधिभार धरून मुद्रांक शुल्क शेकडा सहाच्या आसपास जाते, म्हणजे एक लाख वीस हजार. नोंदणी फी शेकडा एक, कमाल तीस हजार. येथे ती वीस हजार होईल. निवासी खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात शेकडा एकाची सवलत आहे; वीस हजार वाचतात आणि घर बाईच्या नावावर होते, हा त्याहून मोठा लाभ. त्यावर वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, मोजणी, मध्यस्थाची दलाली, कर्ज असेल तर बँकेचे मूल्यांकन. सगळे मिळून वीसाचे बावीस लाख सहज होतात. हे आकडे ऐकून आपला माणूस म्हणतो, नोटरीवर करू, पाचशे रुपयांत होईल. दीड लाख वाचवण्यासाठी तो वीस लाख उघड्यावर ठेवतो. मुखत्यारपत्र, साठेखत किंवा मृत्युपत्र यांच्या आधाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यालाही आता बरीच वर्षे झाली. नोटरीच्या दारातली आपली रांग हटलेली नाही.

विकणाऱ्याचे दुखणे वेगळे. वतनाची परत मिळालेली जमीन 'नवीन अविभाज्य शर्ती'ची. आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग दोन. बिनशेती कामासाठी ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत नजराणा लागतो. परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. भूमिहीनांना आणि मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांना मिळालेल्या सरकारी जागांनाही असल्याच अटी असतात. मूळ हेतू आमचे रक्षण करण्याचा आहे, आणि तो मी नाकारत नाही. पण बाजारात त्याचा परिणाम काय होतो ते आमच्या बैठकीत दिसले. मध्यस्थ म्हणतो, "परवानगीचं लफडं माझ्याकडं, तुम्ही फक्त मुखत्यारपत्र द्या." या एका वाक्याच्या बदल्यात तो भाव चौथ्या हिश्श्यावर आणतो. मग ज्याचे सरकारदरबारी वजन आहे तो सावकाश परवानगी मिळवतो आणि पुऱ्या भावाने विकतो. मधली रक्कम ही कागद आमच्या हाती नसल्याची किंमत आहे. २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या सुमारे चाळीस एकरांच्या व्यवहारावरून राज्यभर वादळ उठले. आमचा तुकडा दोन एकरही नाही. त्याच्यावरून वादळ कोण उठवणार?

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नुसता चालू सातबारा पाहू नका. त्यातल्या प्रत्येक फेरफाराची नोंद काढून वाचा, कारण शर्त, बोजा आणि वारस तिथेच लपलेले असतात. विकणाऱ्याच्या बहिणी, आई आणि मयत भावांची मुले यांच्या सह्या मागा. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतका आहे. जागा मोजून घ्या. पूररेषा आणि आरक्षण पाहा. बिल्डरकडून घ्यायचे असेल तर प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे काय ते पाहा. नोंदणीकृत करार करण्याआधी शेकडा दहापेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. इसार रोखीने देऊ नका, घेऊ नका. दस्तात किंमत कमी लिहू नका. उद्या रस्त्यात जमीन गेली तर भरपाई आसपासच्या नोंदलेल्या दस्तांवरूनच ठरते, म्हणजे एकाच्या चोरीचा फटका साऱ्या वस्तीला बसतो. आणि गावातल्या घराचे म्हणाल तर, २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांना मिळकतपत्रिका मिळू लागल्या आहेत. आपली वस्ती गावठाणाच्या हद्दीत धरली आहे की बाहेर, हे आजच विचारा. हद्दीची रेघ कुठून गेली, याकडे दुर्लक्ष करणे आपल्याला कधीच परवडलेले नाही.

७

महिन्याने बैठक पुन्हा भरली. मी उतारे विहाराच्या सतरंजीवर पसरले आणि १९५९ पासून एकेक नोंद वाचून दाखवली. मुंबईच्या चुलत्याच्या मनिऑर्डरीचे आले तेव्हा कुणी बोलले नाही. मुखत्यारपत्रावर सही करायची नाही, असे ठरले. पण पूर्ण विजय झाला असे मी लिहिणार नाही. दोघा भावांनी मधल्या काळात इसाराचे पैसे उचलले होते. एकाने ते परत केले. दुसऱ्याच्या मुलीचे बाळंतपण अडले होते, पैसे दवाखान्यात गेले होते. त्याच्या डोक्यावर ते आजही आहेत, आणि मध्यस्थ आठवड्यातून एकदा त्याच्या दारात मोटारसायकल उभी करतो. कागद शहाणपणाने वाचता येतो. गरज वाचून संपत नाही. अशा अडलेल्या माणसासाठी भावकीची, वस्तीची पतपेढी असती तर? हा प्रश्न मी चळवळीपुढे ठेवतो. मोर्च्यांच्या मागणीपत्रात त्याला अजून जागा मिळालेली नाही.

आम्ही वारसनोंदीचा अर्ज केला. भावकीचे कुळीपत्र लिहायला सहा दिवस लागले. मुंबई, पिंपरी, इचलकरंजी अशा ठिकाणी फोन करून नावे गोळा केली. सासरी गेलेल्या मुली, त्यांच्या मुली, मयत झालेल्यांची मुले मिळून त्रेचाळीस नावे भरली. जिथे साठ वर्षे एकच नाव होते तिथे त्रेचाळीस येणार, म्हणून तलाठ्याने कपाळाला हात लावला. चुलतीने अर्जावर अंगठा दिला नाही. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही तिने सावकाश केली, आणि आपले नाव कितव्या ओळीत आहे ते मला विचारून घेतले. सतराव्या.

फेरफार अजून मंजूर झालेला नाही. हरकतीची मुदत चालू आहे.